दाणा फुटू न देता

तिरोड्याजवळच्या गावात रविवारच्या प्रार्थनेला कैलाश बायबलच्या जुन्या करारातल्या संदेष्ट्याचं बोलणं समजावून सांगत होता. “धान आपण ट्रॅक्टरनं चुरतो. तिळावर कोणी ट्रॅक्टर चालवते का? त्याले काठीनं हलकेच झाडतो. देव पण शिक्षा करते, पण दाणा फुटू न देता.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. त्याची आई सुशिलाबाई मात्र नातीच्या प्लास्टरमधल्या हाताकडे पाहत होती.

“मंग आपली नूतन काय होय रे, धान का तीळ?”

कैलाशनं बायबल मिटलं.

“मी सायकलवरून पडली ना, आजी,” नूतन घाईघाईनं म्हणाली.

दर आठवड्याला कैलाश लेकीकडून बायबलमधलं एक वचन पाठ करून घ्यायचा. या आठवड्यात त्यानं हे एवढं एकच वाक्य पाठ करून घेतलं होतं.