एकवीस पूर्ण नसलेलं यीस्ट

मृण्मयीची पहिली बिअर झाली आणि चांगली झाली. पण ती अजून झालेलीच नाही, असं धरून चालू.

हॉप्सची कडू फुलं घालून उकळलेला सातूच्या माल्टचा काढा टाकीत निवला होता. त्यात सोडलेलं यीस्ट मात्र साखरेला तोंड लावेना. बोलणारं यीस्ट बाजारात आल्यापासून सगळीकडे हे असंच चाललं होतं.

"ताई, आम्ही साखर खाल्ली की दारू होणार आणि आम्ही त्यातच बुडून राहणार," टाकीवरच्या स्पीकरमधून यीस्ट म्हणालं. "आमचा जन्म परवाचा. परवाना कुठाय?"

"बाबांनो, काढा नासेल. सगळं विकून ही टाकी घेतलीय मी."

"मग अर्ज तरी करा. निकाल लागेपर्यंत आम्हाला खायला कोण अडवतंय?"

मृण्मयीने बाह्या सरसावल्या आणि लिहायला घेतलं: 'तरी टाकीतील सर्व पेशींनी वयाची एकवीस वर्षे पूर्ण केली आहेत असे मानून प्रत्येकीस स्वतंत्र मद्यसेवन परवाना फोटोसह देण्यात यावा, ही नम्र विनंती.'