धक्कास्टार्ट

वाटणीपासून दोघा भावांचं बोलणं बंद होतं. आज उरलंसुरलं सामान न्यायला आलेल्या धाकट्याची गाडी नेमकी थोरल्याच्या फाटकासमोर रुसून बसली. “आई, त्याला सांग, बॅटरी उतरलीय,” थोरला बॉनेटमध्ये डोकावून म्हणाला. “आई, त्याला सांग, मला कळतं ते,” धाकटा गुरगुरला. “मी काय पोस्टमन आहे? तोंडं शिवलीत का तुमची?” म्हणत आईच स्टिअरिंगवर बसली. “ढकला दोघं.” क्लच दाबून दुसरा गिअर टाकायचा, एवढं तिला नवऱ्यानं शिकवलं होतं. गाडी हलली. “जोर लाव, जाड्या.” “तू लाव की, दादा.” तिनं क्लच सोडला, इंजिन धडधडलं. आरशात दोघं गुडघ्यांवर हात टेकून हसत होते. आता धाकटा निघून जाणार, तो कायमचाच. आईनं गुपचूप किल्ली उलटी फिरवली. “परत बंद पडली मेली,” ती खिडकीतून म्हणाली. “ढकला अजून.”