बार्थोलोम्यूचे डोळे

उल्काने कुंचला काळ्या रंगात बुडवला नि तसाच हातात धरून बसली.

समोर पाटावर संत बार्थोलोम्यूची हातभर उंचीची मूर्ती होती. उजव्या हातात सुरी. डाव्या हातावर टाकलेलं स्वतःचंच सोललेलं कातडं. त्या लोंबत्या कातड्यालाही चेहरा होता, डोळ्यांच्या जागी नुसती भोकं. बाकी सगळं रंगवून झालं होतं. संताचे डोळे तेवढे आखायचे राहिले होते.

"परत दे ती मूर्ती," गोदा, तिची आई, दारातूनच म्हणाली. गेले चार दिवस ती गणपतीच्या शाळेत, मूर्ती घडवायच्या त्या खोलीत, पाऊल टाकत नव्हती. "ह्यांनी तिला हात लावलानी नि दुसऱ्या दिवशी ह्यांचाच हात गेला."

"आई, उद्या चर्चमध्ये ह्या संताचा सण आहे. बाबांनी शब्द दिलाय."

"शब्द दिलानी, नि वाचाच गेली त्यांची!"

उल्काने पडवीकडे पाहिलं. तिचे बाबा, हरिहर मूर्तिकार, अर्धांगवायूच्या झटक्यानंतर तिथल्या खाटेवर पडून होते. चतुर्थी चार दिवसांवर आली होती आणि तिच्या पाठीमागे साठ गणपती डोळ्यांवाचून बसले होते. सोंड, दागिने, उंदीर तिने लहानपणापासून रंगवले होते. डोळे फक्त बाबा आखायचे.

चारच्या सुमाराला छत्री मिटत फिलोमिनाबाई आल्या. निवृत्त नर्स. चर्चमधली रंग उडालेली मूर्ती नव्याने रंगवायला त्यांनीच आणून दिली होती.

"झालं का गो बाय?"

"डोळे राहिलेत." उल्काने मान वर केली नाही. "बाई, ह्या संतांनी असं केलं तरी काय होतं, की जिवंत सोललं?"

"काही नाही. येशूचा शिष्य होता. येशूविषयी सांगत देशोदेशी फिरला. म्हणतात, आपल्याच किनाऱ्यावर उतरला होता. पुढे कुठल्या राजाने त्याचं ऐकून येशूला मानलं, तर चिडून राजाच्या भावाने ह्याला पकडून सोलला."

"पळून का नाही गेले?"

फिलोमिनाबाई छत्री कोपऱ्यात टेकवून स्टुलावर बसल्या.

उल्काने कुंचला मूर्तीच्या चेहऱ्याजवळ नेला. बोटांना मुंग्या आल्या. बाबांनाही आधी मुंग्याच आल्या होत्या. खाली लोंबणारा तो दुसरा चेहरा आपल्याकडेच बघतोय असं वाटलं. तिने डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं, श्वास रोखला नि रेघ ओढली. मग दुसरी. मग बुबुळं. हात थांबला तेव्हा पाठ घामाने भिजली होती.

बोटं उघडमीट करून पाहिली. हलत होती.

फिलोमिनाबाईंनी चष्मा लावला नि वाकून मूर्तीकडे पाहिलं. बराच वेळ.

"पूर्वीचे डोळे असे नव्हते."

"कसे होते?"

"शांत. वर आभाळाकडे लागलेले. हा घाबरलेला दिसतो."

उल्काने झटकन ओलं फडकं उचललं. "पुसते, बाई. परत आखते."

फिलोमिनाबाईंनी तिचा हात धरला.

"नको. चाळीस वर्षं ह्याच्यापुढे मेणबत्ती लावत्येय मी. हा भ्याला असेल, हे कधी मनातसुद्धा आलं नव्हतं माझ्या."