शेवटच्या इनिंगआधी

पाच इनिंग झाल्या, तरी बाकावर आर्याच्या शेजारी कुणी बसलं नव्हतं.

प्रणिता जाळीबाहेरून बघत होती. टीममधल्या बाकीच्या मुली बाकाच्या दुसऱ्या टोकाला एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. मघाशी एकीची पाण्याची बाटली घरंगळत आर्याच्या पायाशी गेली. ती मुलगी उठली, बाटली उचलली आणि आर्याकडे न बघता परत गेली.

सिंगापूरमधल्याच पासिर रिसला घर बदललं तेव्हा आर्याचा बेसबॉल क्लबही बदलला होता. नव्या मैत्रिणी कशा आहेत म्हणून विचारलं की ती “ओके” एवढंच म्हणायची. ओके म्हणजे हे असं.

प्रणिताला राहवेना. फाटक ढकलून ती सरळ आत गेली.

“आई! इथे नाही यायचं. गो लाह,” आर्या ओठ न हलवता म्हणाली.

“कुणी काही बोललं का तुला?”

आर्यानं टोपी डोळ्यांवर ओढली.

प्रणिता मुलींकडे वळली आणि इंग्रजीत कडाडली, “ही तुमच्याच टीममधली आहे ना? दोन शब्द बोलता येत नाहीत तिच्याशी?”

सगळ्या खाली बघू लागल्या. कॅचर मेई रडवेली झाली. “तसं नाही, आंटी...”

“मग कसं?”

“तिचा नो-हिटर चाललाय!”

शब्द बाहेर पडला आणि मेईनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

कोचनी प्रणिताला बाजूला नेलं. समोरच्या टीममधल्या एकीलाही आर्याच्या चेंडूवर अजून हिट मिळाली नव्हती. सामना असाच संपला तर तो नो-हिटर. क्लबच्या इतिहासात एकही नव्हता.

“प्रोफेशनल टीमनासुद्धा पहिल्यासाठी पन्नास पन्नास वर्षं थांबावं लागलंय,” ते हळू आवाजात म्हणाले. “असं चाललं असलं की चेंडू टाकणाऱ्या पिचरजवळ कुणी बसत नाही, त्या गोष्टीचं नावही काढत नाही. काढलं तर ती हातची जाते म्हणतात. या मुली जीव मुठीत धरून बसल्या होत्या, मॅडम. तिच्यासाठी.”

प्रणिताला आणखी समजावून सांगावं लागलं नाही. आर्याच्या वेळी तीन महिने भरेपर्यंत तिनं सख्ख्या बहिणीलाही कळू दिलं नव्हतं.

शेवटच्या इनिंगमध्ये आर्यानं दोघींना बाद केलं. तिसरीची बॅट कशीबशी लागली. चेंडू टप्पे खात दोघी जणींच्या मधून गवतात गेला, आणि ती मुलगी पहिल्या बेसवर पोहोचली. हिट.

पुढची बाद झाली. सामना जिंकला, पण उड्या कुणी मारल्या नाहीत. मेई हमसून हमसून रडत होती. आर्यानं तिला जवळ घेतलं.

“नॉट युअर फॉल्ट लाह,” ती म्हणाली. जाळीबाहेर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

मग सगळ्याच तिच्या गळ्यात पडल्या.

बऱ्याच वेळानं आर्या जाळीपाशी आली. तिनं वर बघितलं नाही. “तू हो पुढे, आई. आम्ही सगळ्या मिळून हॉकर सेंटरला जेवायला चाललोय.”

“बरं,” प्रणिता म्हणाली.

हे वाक्य कधी एकदा कानावर पडतंय, असं तिला कित्येक महिने झालं होतं.