हिरव्या काठाची बशी

ते गाणं आर्विलने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्याची लेक मांडीत मावेल एवढी होती. आज तिचं लग्न होऊन तिला लेक आहे. त्या दिवशी ट्रकमधला रेडिओ खरखरला, गिटारच्या तारा हलल्या आणि टॅल काउडिल गाऊ लागला:

"हिरव्या काठाची बशी, तीवर तुझी फुंकर,
माझं निघणं दाराशी, तुझी उठेना नजर."

आर्विलने ट्रक चढावावरच थांबवला. मागच्याने हॉर्न वाजवला, तोही त्याला ऐकू आला नाही.

टॅल याच खोऱ्यातला. नॅशव्हिलला जाऊन नाव काढण्याआधी तो आणि नेव्हा चर्चमध्ये जोडीने गायचे. शब्द कुणाचे, चाल कुणाची, हे कुणी विचारत नसे. आता यांचं लग्नच लावून टाका, असं म्हाताऱ्या म्हणायच्या. मग टॅल निघून गेला आणि नेव्हा आर्विलच्या घरी आली. एवढं आर्विलने गिळलं होतं.

पण बशी गिळता येईना.

कढत कॉफी बशीत ओतायची, फुंकर घालायची आणि भुरके घ्यायचे, ही या डोंगरातली जुनी रीत. पण हिरव्या काठाच्या बश्या साऱ्या खोऱ्यात एकाच घरी होत्या. त्या आर्विलच्या आजीच्या, तिच्यामागे नेव्हाच्या हाती आलेल्या. स्वयंपाकघरात येऊन बसल्याशिवाय टॅलला तो काठ दिसणार कुठे?

कधी, याचंही उत्तर आर्विलने मनाशी जुळवून ठेवलं होतं. आजी गेली तो हिवाळा. तेव्हा तो खाणीत दुहेरी पाळ्या करायचा, आणि घरी आला तरी मूग गिळून बसायचा. टॅल त्याच नाताळात आईला भेटायला आला होता.

गाणं गाजलं. लग्नात वाजलं, न्हाव्याच्या दुकानात वाजलं, ज्यांचं कधी काही तुटलं नव्हतं त्यांनीही डोळे पुसले. पेंडीच्या दुकानातला बर्चेल तर आर्विल दिसला की रेडिओचा आवाज वाढवायचा.

"ये रे आर्विल, तुझ्या बायकोचं गाणं लागलंय."

सगळे हसायचे. आर्विलही हसायचा. पण त्या चढावावरून घरी आला त्या दिवसापासून त्याने बशीला हात लावला नाही. जीभ भाजली तरी कॉफी कपानेच. नेव्हाने एकदा कारण विचारलं. दात दुखतो, असं त्याने सांगितलं. तिने पुन्हा विचारलं नाही. ती मात्र बशीतच ओतायची, आणि तिच्या प्रत्येक फुंकरीला आर्विल मान वळवायचा.

ती ते गाणं कधी गात नसे. रेडिओवर लागलं की उठून परसात जायची. एकदाच, शेंगांच्या शिरा काढता काढता, तिच्या तोंडून निघून गेलं, "तिथे सूर चढवायचा नसतो. तिथे आवाज खाली उतरायला हवा."

किती जवळून ऐकलंय हिने त्याला, आर्विलच्या मनात आलं.

या शनिवारी परगण्याच्या जत्रेत टॅल गायला येणार होता. सकाळी नेव्हाने निळ्या झग्याला इस्त्री केली. कॉलरला जरा जास्तच वेळ लावला. आर्विल दाराआडून बघत होता.

टॅलचं पोट सुटलं होतं. आर्विलला तेवढाच गारवा. पण शेवटच्या गाण्याआधी टॅलने टोपी काढून छातीशी धरली. या ओळींमागची बाई आज इथे बसली आहे, तो म्हणाला. नाव घेऊ नको असं तिने बजावलंय, म्हणून घेत नाही.

बाकांवरच्या माना नेव्हाकडे वळल्या. ती हातातल्या रुमालाला घड्या घालत राहिली. बर्चेलने मागून कोपर मारलं. आर्विल उठला आणि चालत ट्रकपाशी गेला. पहिलं कडवं संपायच्या आत नेव्हा येऊन शेजारी बसली.

ट्रक घराच्या वाटेला लागला. आर्विलने मनाशी ठरवून टाकलं होतं. विचारायचं एकदाच. ती खोटं बोलली तर संध्याकाळच्या आत ओहायोला भावाकडे निघून जायचं, ते कायमचं.

स्वयंपाकघरात ऊन टेबलापर्यंत आलं होतं. तो खुर्ची ओढून बसला.

"टॅल या घरात कधी आला होता?"

"कधीच नाही."

"नेव्हा, हा काठ साऱ्या खोऱ्यात दुसरीकडे नाही."

ती वळली. शेगडीवर कॉफी तापवली. फळीवरून बशी काढली, कमरेच्या ॲप्रनला पुसली, काठोकाठ भरली आणि त्याच्यापुढे सरकवली.

"पी."

नको म्हणायला त्याने तोंड उघडलं होतं. पण वाफ नाकाशी आली आणि आजीच्या मांडीवर बसून लागलेली सवय आपोआप जागी झाली. मान खाली गेली. दोन्ही हातांत बशी धरून तो फुंकर घालू लागला. काठापाशी कॉफी थरथरली. त्याला वाटलं, ती समोर बसेल, रडेल, काहीतरी सांगेल.

आवाज आला तो दाराकडून.

"त्या हिवाळ्यातही असाच बसला होतास. मी इथेच उभी होते, कपड्यांची पेटी हातात घेऊन. तू वर पाहिलं नाहीस." तिने चौकटीला हात टेकला. "टॅलने ते फक्त गायलं, आर्विल. लिहिलं मी; त्याला ते नंतर दिलं. आधी तो कागद तुझ्या बशीखाली ठेवून जाणार होते."