मशीनचा फासा

अन्वरनी चौथ्यांदा ‘सहा’ लिहून पाठवलं आणि पाच मिनिटांत शिवऱ्याहून धनाजींचं उत्तर आलं.

‘मास्तर, लागोपाठ चार सहा? जरा दमानं घे की.’

भोरच्या एसटी स्टँडसमोरच्या सायबर कॅफेत बसून अन्वरनी ते वाक्य तीनदा वाचलं. कॅफे त्यांच्या मुलीचा, शाहीनचा. फासाही तिच्याच लहानपणच्या ल्युडोतला, आणि त्यावर चारही वेळा खरोखर सहाच पडले होते. पण हे पटवणार कसं? त्यांनी फासा खिशात टाकला आणि घरची वाट धरली.

दोघं बावीस वर्षं एका गाडीवर. धनाजी ड्रायव्हर, अन्वर कंडक्टर, म्हणून ‘मास्तर’. तपासणी पथकानं कितीदा गाडी अडवली, पण अन्वरच्या तिकिटांत एका नंबराची चूक कधी निघाली नाही. धनाजींना तिकिटांशी घेणंदेणं नसे. ‘नंबर तू बघ, रस्ता मी बघतो,’ हे त्यांचं ठरलेलं. रिटायर झाल्यावर धनाजींचा मणका गेला, गाडीत बसणं बंद झालं, आणि शिवरे ते भोर हे अंतर एकाएकी लंडनइतकं झालं. फोनवर दोघांचं ‘बरंय ना?’ ‘बरंय’ यापुढं कधी गेलं नाही.

मग धनाजींच्या मुलीनं, वैष्णवीनं हा खेळ काढला. ती पुण्यात इंजिनिअरिंगला. तिथली पोरं नेटवर असला खेळ खेळतात म्हणे. गोष्ट ती लिहायची: राजाची थैली घेऊन दोन जासूद घाटातून निघालेत. अन्वर झाले मुनीर जासूद, धनाजी रायाजी जासूद. आपला जासूद पुढं काय करतो ते ज्यानं त्यानं सवडीनं नेटवर लिहायचं, अवघड जागी फासा आपला आपणच टाकायचा आणि पडला तो आकडा खरा सांगायचा. जासूद मेला की खेळणारा बाद. साल २००६. साठी उलटलेले दोन म्हातारे इंग्रजी अक्षरांत मराठी बडवत वाघांना हूल देत होते, आणि बावीस वर्षांत बोलले नव्हते तेवढं आता बोलत होते.

सगळा मामला विश्वासाचा. तोच गेला म्हटल्यावर राहिलं काय? अन्वरनी सतरा दिवस कॅफेत पाऊल टाकलं नाही.

अठराव्या दिवशी वैष्णवीचा फोन आला.

“काका, मी नेटवर एक फासा बनवलाय. कुणाच्या हातातला नाही. बटण दाबलं की आकडा पडतो, आणि त्या फेकीचा नंबर खाली येतो. दोन्ही उतरवून खेळात चिकटवायचं. जितक्यांदा दाबाल, तितका नंबर पुढं सरकणार.”

“आणि दाबणार कोण कोण?”

“तुम्ही आणि आप्पा. तिसरं कुणी नाही.”

“म्हंजे तिकिटासारखं की,” अन्वर म्हणाले. निम्मा राग तिथंच उतरला.

धनाजींना तर मशीन फारच पटलं. ‘आता कुणाची वशिलेबाजी न्हाई,’ त्यांनी लिहिलं. ‘फासा पडंल तसं. मेला तर मेला.’ नाकासमोर चालणारा माणूस तो. रिकाम्या चौकातही सिग्नलला थांबायचा आणि मागच्यांच्या शिव्या खायचा.

अन्वरनी मात्र एक छोटी वही केली आणि प्रत्येक फेकीचा नंबर टिपायला लागले. संशय म्हणून नव्हे. हातच तसा घडलेला. सहा महिन्यांत मधला एकही नंबर सुटला नाही. वही मिटताना दरवेळी त्यांना धनाजींचं कौतुक वाटे आणि वही ठेवल्याची थोडी लाजही.

दिवाळीनंतर मुनीर जासूद दरडीवरून घसरला. वैष्णवीनं लिहिलं, ‘दोर रायाजीच्या हातात. एकच फेक. सहा पडला तर मुनीर वर, नाहीतर दरीत.’

अन्वरना त्या रात्री जेवण गेलं नाही. बाद झालो तर धनाजीशी बोलायचं कोणत्या निमित्तानं? पुन्हा ‘बरंय ना?’ ‘बरंय.’ त्यांना ते सहन होणार नव्हतं.

धनाजींनी दोनच ओळी पाठवल्या होत्या. ‘मास्तर, आपल्या हातात काय न्हाई. उद्या अकराला टाकतो.’

दुसऱ्या दिवशी अकरा वाजले. साडेअकरा झाले. शाहीननं दोनदा चहा आणून ठेवला.

“अब्बा, तिकडं लाइट गेली असंल.”

“एका बोटानं टाइप करतो त्यो. येईल.”

बारा वाजून गेले. अन्वरनी मुनीरचा शेवटचा निरोप मनातल्या मनात लिहूनही टाकला. त्यात थैली सांभाळ, असं होतं, आणि पाठीला शेक घेत जा, असंही.

सव्वाबाराला उत्तर आलं.

‘सहा. एका फेकीत. मशीनचा हाय, कुणाला इचारायचं त्यानं इचारावं. आता वर ये लवकर, दोर लई कापतोय हाताला.’

अन्वरचा जीव भांड्यात पडला. ते इतक्या मोठ्यानं हसले की पलीकडं परीक्षेचा फॉर्म भरणारी मुलगी दचकली.

काउंटरमागून शाहीनही हसली. “अब्बा, वही काढा. नंबर लागून आलाय ना?”

अन्वरनी वही काढली. शेवटचा नंबर ११८ होता. पडद्यावरच्या सहाखाली १३३ होता. त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं.

मग ११८ च्या खाली, नेहमीच्या घोटीव अक्षरात, त्यांनी ११९ लिहिलं.

“व्हय,” ते म्हणाले, “लागूनच आलाय.”