साडेसातचा अलार्म

सकाळचे ऊन पत्र्याच्या फटीतून आत येई, कुणाची झोप मोडू नये अशा बेताने तेलाच्या टाक्यांवरून सरके, सावकाश भिंत चढे. आणि साडेसातला आग ओळखणाऱ्या सेन्सरच्या काचेवर टेकताच कंट्रोल रूममध्ये अलार्म वाजे. कारखान्यातले खोटे अलार्म कमी करणे हेच धनंजयचे काम होते. तो टाक्यांपाशी फोन लावी.

"सूर्यदेवानं हजेरी लावली जी, साहेब," टाक्यांवरचा कामगार बाबूलाल हसून सांगे. धनंजय बटण दाबून अलार्म बंद करी. पुढे पुढे त्याने फोन करणेही सोडले.

बाबूलाल आगीत गेला त्याला अकरा दिवस झाले. सेन्सरही जळून गेला होता. तरी साडेसात वाजले की धनंजयच्या कानांत तो वाजे, आणि अंगठा आपोआप दाबला जाई. चौकशीच्या अहवालात त्याने लिहिले होते : त्या दिवशीचा अलार्म उन्हामुळे वाजला, आग नंतर लागली. सही तेवढी बाकी होती.

बाबूलालचा जोडीदार कैलाश याने अहवाल वाचून टेबलावर ठेवला.

"त्या दिवशी ऊन होतं काय जी, साहेब?"

"रोजच असतं."

"धुई होती, सूर्य दिसतच नव्हता. आसगावपासून मी गाडीचा लाइट लावून आलो. तुमच्या कारचा लाइट तर इथं आल्यावरही चालूच होता. मीच सांगतलं तुमाले, बंद करा म्हणून."

धनंजयने ती ओळ खोडली आणि खाली लिहिले : अलार्म खरा होता. तो मी बंद केला.